सेकंडहँड गाडी, एकच चावी: नऊ महिन्यांनंतर

गाडी 2019 च्या ऑक्टोबरमधली. पेट्रोल, मॅन्युअल गिअर, बटणाने चालू होणारी हॅचबॅक. फेब्रुवारीत घेतली तेव्हा 41 हजार किलोमीटर झालेली, आता पन्नास हजाराला टेकली आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे सगळं त्या काळातल्या बऱ्याच बटणवाल्या गाड्यांना थोडंफार लागू पडेल. ॲव्हरेज शहरात 14, हायवेला 18-19. एसी नागपूरच्या मे महिन्याला पुरला, हे सर्टिफिकेट पुरेसं आहे. डोकं खाल्लं ते चावीने.

विकणारे काका धरमपेठेतले, रिटायर्ड. सर्व्हिसची सगळी बिलं तारखेप्रमाणे फाईलला लावलेली. चावी मात्र एकच. "दुसरी घरीच आहे कुठेतरी, सापडली की फोन करतो." मी हो म्हटलं. मेकॅनिकला नेऊन इंजिन ऐकवलं, मालकी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वरच्या सह्या दोनदा पाहिल्या, आणि चावीच्या बाबतीत भोळसटासारखी गप्प बसले. गाडीसोबतचं पुस्तकही नव्हतं. तेही म्हणे घरीच असेल.

पहिल्याच रविवारी नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलो. थोड्या वेळाने पोरगा म्हणतो, "आई, काहीतरी वाजून राहिलं." दर थोड्या वेळाने टिंग टिंग. बेल्ट लावलेले, दरवाजे बंद. मी गाडी हळू केली की आवाज बंद. सोमवारी मेकॅनिककडे नेली तर तो हसला. "मॅडम, ऐंशीच्या वर वाजणारच ना ते." 1 जुलै 2019 पासून बनलेल्या प्रत्येक गाडीत हा इशारा सक्तीचा आहे: 80 च्या वर अधूनमधून, 120 च्या वर सलग. माझी आधीची गाडी 2011 ची, तिला कसलीच तक्रार नसायची.

त्या रात्री कंपनीच्या साइटवरून पुस्तकाची पीडीएफ उतरवली. स्टिअरिंगच्या उजवीकडची 0 ते 4 आकड्यांची चकती एसीची समजून मी फिरवत होते, ती हेडलाइटचा झोत खाली-वर करायची निघाली. मागे माणसं आणि सामान असलं की पुढचा भाग उचलला जातो आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हा आकडा वाढवायचा. पेट्रोलच्या काट्याशेजारचा बारका बाण टाकीचं झाकण कुठल्या बाजूला ते सांगतो. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. माझ्या चारही टायरवर 3219, म्हणजे 2019 चा बत्तिसावा आठवडा. टायर बदलले, तो खर्च धरलाच नव्हता.

सगळ्यात आवडलेली गोष्ट: रिमोटचं अनलॉक बटण दाबून धरलं की चारही काचा खाली येतात. मे महिन्यात बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, उन्हात उभी केलेली गाडी लांबूनच उघडायची, भट्टीची वाफ निघून जाऊ द्यायची, मग बसायचं. हीच सोय जुलैत अंगाशी आली. पर्समध्ये बटण दाबलं गेलं, वर धो धो पाऊस, आणि मी तिसऱ्या मजल्यावर स्टाफरूममध्ये पेपर तपासत. सीटचा कुबट वास आठ दिवस गेला नाही. तेव्हापासून रिमोट पर्सच्या वेगळ्या कप्प्यात.

आता रामटेक. गडमंदिराच्या पार्किंगमध्ये परत आलो तर गाडी उघडेना. रिमोट मेलेला, दुसरी चावी नाही. पुस्तकात वाचलेलं आठवलं: रिमोटच्या कडेची खिटी सरकवली की आतून साधी चावी निघते. निघाली. भोक मात्र दिसेना. ते ड्रायव्हरच्या हँडलवरच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली होतं, नखाने उचकटावं लागलं. दार उघडलं आणि गाडीने बोंब ठोकली. चावीने उघडलं तर तिला ती चोरीच वाटते. माकडं पळाली, माणसं गोळा झाली. चहाच्या टपरीवरचं पोरगं आलं नि म्हणालं, "काकू, रिमोट त्या बटनाला टेकवा ना, मग दाबा." क्लच दाबला, मेलेला रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला, चालू. रिमोटमधल्या चिपला स्वतःचा सेल लागत नाही, अगदी जवळ आली की गाडीच तिला ओळखते. सेल गोल, चपटा, 2032 नंबरचा, घड्याळवाल्याकडे मिळतो. आता एक ग्लव्हबॉक्समध्ये असतो, जो गाडी उघडल्याशिवाय मिळत नाही, हे मला नंतर कळलं. दुसरा पर्समध्ये ठेवला.

मग मात्र दुसरी चावी करायचीच ठरवलं. सर्व्हिस सेंटरने साडेआठ हजार आणि तीन आठवडे सांगितले. बर्डीच्या एका चावीवाल्याने चार हजार दोनशे. आरसी आणि आधार त्यानेही पाहिलं, तेव्हा जरा विश्वास बसला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्याने मशीन जोडलं आणि विचारलं, "ताई, दुसरी कुठाय?" स्क्रीनवर नोंदलेल्या चाव्या दोन दिसत होत्या. काकांच्या घरात हरवलेली चावी माझी गाडी अजूनही खुशाल चालू करू शकत होती, आणि सहा महिने माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. शिवाय गाडी चोरीला गेली असती तर विमा कंपनीने दोन्ही चाव्या मागितल्या असत्या, तेव्हा एक दाखवून काय सांगणार होते? त्याने जुन्या नोंदी पुसून माझ्या हातातली आणि नवी, अशा दोनच चढवल्या. वीस मिनिटांचं काम. नव्या रिमोटची बटणं थोडी कडक आहेत, म्हणजे पावसाळ्यासाठी चांगलंच.

दिवाळीच्या आधी काकांचा फोन. साफसफाईत काकूंच्या जुन्या पर्समध्ये चावी सापडली होती. गेले, चिवडा खाल्ला, चावी घेतली. त्यांना काही बोलले नाही. खाली येऊन लावून पाहिली: आतल्या साध्या चावीने दार उघडतं, इंजिन चालू होत नाही, डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहतं. परत चढवायची तर तिन्ही घेऊन या, असं चावीवाला म्हणतो. रिंगला पत्र्याची एक छोटी पट्टी लटकत होती, तिच्यावर चावी कापायचा नंबर. ती काढून मी काकांच्याच फाईलला, पहिल्या बिलाच्या वर लावली.