स्काय लॉबीवर लिफ्ट बदलायची, की थेट घरी जायचं?

तीनशे मीटरपेक्षा उंच इमारतीत राहायचं ठरलं, की पुढचा प्रश्न हमखास येतो. खाली कार्यालयं, मध्ये हॉटेल आणि वर घरं अशा मिश्र वापराच्या मनोऱ्यात राहावं, की फक्त घरंच असलेल्या मनोऱ्यात? मी दोन्हीकडे राहिलो आहे. मिश्र मनोऱ्यात ७१व्या मजल्यावर अडीच वर्षं काढली, तिथे घरी जाताना स्काय लॉबीवर, म्हणजे मधल्या एका मजल्यावर, उतरून लिफ्ट बदलावी लागायची; आणि आता निव्वळ निवासी मनोऱ्यात ५८व्या मजल्यावर चौथं वर्ष सुरू आहे. उंची, मजल्यांची संख्या, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा हे सगळं माहितीपत्रकात असतंच, त्यामुळे ते सोडून देतो.

आधी मिश्र मनोऱ्याची बाजू मांडतो, कारण रचना म्हणून मला आजही तोच जास्त आवडतो. शिकागोच्या जॉन हॅनकॉक सेंटरचं उदाहरण घ्या. १९६९ साली पूर्ण झालेली ही १०० मजली, ३४४ मीटर उंच इमारत वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम आणि अभियंता फजलूर खान यांची. ती वर निमुळती होत जाते. कार्यालयाचा मजला खिडक्यांपासून आत खोलवर गेला तरी चालतो, खिडकीपासून लांब बसलेला माणूस दिव्याखाली काम करतो. घरात मात्र प्रत्येक खोलीला खिडकी लागते. म्हणून खालचे रुंद मजले कार्यालयांना आणि वरचे अरुंद मजले घरांना दिले. तोच निमुळता आकार वाऱ्याच्या माऱ्यालाही सोयीचा. शिवाय कार्यालयांच्या लिफ्ट खालीच संपतात, त्यामुळे वरच्या मजल्यांवर त्यांच्या शाफ्टची, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीची, जागा मोकळी होते. एका आकारातून इतक्या गोष्टी साधलेल्या पाहिल्या की मन भरून येतं. माझ्या ७१व्या मजल्यावर याचा फायदा रोज मिळायचा. दिवसा स्वयंपाकघरातही दिवा लावावा लागला नाही.

मिश्र म्हणजे घरं नेहमी वरच, असं मात्र धरू नका. बुर्ज खलिफामध्ये घरं खालच्या आणि मधल्या भागात आहेत आणि त्यांच्या वरच्या अरुंद भागात कार्यालयं. तुमचं घर कोणत्या थरात येतं ते नकाशावर स्वतः पाहा.

डोलण्याच्या बाबतीतही माझा कौल मिश्र मनोऱ्याला. निवासी मनोरे बऱ्याचदा फार सडपातळ असतात. न्यूयॉर्कचा ४३२ पार्क अव्हेन्यू ४२६ मीटर उंच आहे आणि त्याची उंची रुंदीच्या सुमारे १५ पट. वारा आरपार जावा म्हणून तिथे दर १२ मजल्यांनंतर दोन मजले उघडे ठेवले आहेत. माझी आताची इमारत इतकी सडपातळ नाही, तरी वादळी रात्री जेवणाच्या टेबलावरचा दिवा हलताना दिसतो. आधीच्या घरी, तेरा मजले वर असूनही, मला असं कधी दिसलं नाही. दोन घरांच्या अनुभवावरून सरसकट बोलता येणार नाही, पण ज्यांना चटकन गरगरतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

इतकं असूनही मी ते घर सोडलं, ते लिफ्टमुळे.

प्रत्येक मजल्याला तळापासून थेट लिफ्ट दिली, तर खालच्या मजल्यांवर शाफ्टशिवाय फारसं काही उरणार नाही. शिवाय पोलादी दोरावर एका दमात साधारण पाचशे मीटरच्या पुढे लिफ्ट नेणं अवघड होतं, कारण दोराचंच वजन फार होतं. यावरचा उपाय म्हणजे स्काय लॉबी. तळापासून तिथपर्यंत वेगवान शटल लिफ्ट, तिथे उतरून पुढची दुसरी. हॅनकॉकची स्काय लॉबी ४४व्या मजल्यावर आहे, बुर्ज खलिफाच्या ४३, ७६ आणि १२३व्या मजल्यांवर. माझ्या इमारतीत ती ४६व्या मजल्यावर होती.

वेळ फार जातो अशी माझी तक्रार नाही. मी कधी घड्याळ लावलं नाही आणि खोळंबल्यासारखंही फारसं वाटलं नाही. वैताग व्हायचा तो किरकोळ गोष्टींनी. इतक्या उंचीवरून खाली रस्त्यावर पाऊस आहे की नाही हे कळत नाही. खाली पोचल्यावर कळायचं, मग छत्रीसाठी परत वर, पुन्हा खाली, म्हणजे चार लिफ्ट. पण तेही अंगवळणी पडलं.

अंगवळणी पडलं नाही ते माणसांचं येणं. कार्यालय, हॉटेल आणि घरं एकाच इमारतीत, त्यामुळे पहारा कडक असणारच आणि तो असावाही. एकदा आई एकटीच आली. खाली मिळालेल्या पाहुण्यांच्या कार्डावर शटल लिफ्ट चालली, पण ४६व्या मजल्यावर दुसरी लिफ्ट ते कार्ड घेईना. तिच्या फोनला तिथे रेंज नव्हती. अर्धा तास ती तिथल्या सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी वर दाराशी वाट पाहत होतो. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आणायला खाली जाऊ लागलो. मित्र आला तरी, सुतार आला तरी, आजारपणात डॉक्टर आले तरी. वर्षभरात लक्षात आलं की मी लोकांना घरी बोलावणंच कमी केलंय, भेटायचं तर बाहेरच भेटतोय. घर बदलायचं तेव्हाच ठरलं.

आता एकच लिफ्ट, खाली एकच टेबल. तिथून फोन येतो, मी हो म्हणतो आणि दोन मिनिटांत दाराची घंटा वाजते. जोरदार वारा असला की लिफ्टचे दोर हलतात म्हणून लिफ्टचा वेग कमी करतात, पण तसं आधीच्या इमारतीतही करायचे.

या इमारतीत संध्याकाळी खाली शांतताच असते. आधीच्या मनोऱ्यात हॉटेलमुळे रात्री अकरालाही वर्दळ असायची, ती आठवते. ज्यांचं कार्यालय त्याच इमारतीत आहे किंवा ज्यांना खाली गजबज आवडते, त्यांना माझं म्हणणं कदाचित पटणार नाही.

घर पाहायला जाल तेव्हा दलालाला आधी वर पाठवा आणि स्वतः पाहुण्यासारखे, त्याच्या मदतीशिवाय, दारापर्यंत या. कुठे थांबवतात, किती वेळा विचारतात, फोन कुठे बंद पडतो ते पाहा. घराच्या लगेच वर किंवा खाली यंत्रांचा मजला आहे का तेही विचारा. पंपांची घरघर रात्री ऐकू येते, आणि असे मजले दोन्ही प्रकारांत असतात.

माझ्यापुरतं सांगायचं, तर स्काय लॉबीच्या वर मी पुन्हा घर घेणार नाही. मिश्र मनोऱ्यात तळापासून एकाच लिफ्टने पोचता येईल असं, स्काय लॉबीच्या खालचं घर निघालं, तर मात्र आजही बघायला जाईन.