टर्बो की सहा सिलेंडर, या वादात माझे सव्वातीन लाख गेले

"दादा, सहा सिलेंडर म्हणजे दारात हत्ती बांधणं. पेट्रोल पंपवाला तुम्हाला नावानं हाक मारायला लागेल."

ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्यातल्या एका सेकंडहँड गाड्यांच्या यार्डात हे वाक्य ऐकून मी मान डोलावली. त्या यार्डाचं नाव इथे लिहीत नाही, पण तिथे जे घडलं ते सगळं लिहितो. सेकंडहँड गाडी घेताना तुमच्याशीही असंच बोलणारा कुणीतरी भेटणार आहे.

आम्ही साताऱ्याचे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दर महिन्याला तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागायचं. छोट्या गाडीत त्यांना दोन तास बसवत नव्हतं. त्यांच्या ठेवीतले तीन लाख आणि माझे दोन, एवढ्या पैशांत जुनी पण मोठी, आरामशीर पेट्रोल गाडी घ्यायची ठरली. अण्णा आयुष्यभर एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. बसची सहा सिलेंडरची इंजिनं खोलण्यात त्यांची उमर गेली. ते एवढंच म्हणाले, "मिळालं तर सहा सिलेंडरचं बघ. ताण येत नाही त्याला."

यार्डात दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. एक २००९ची जपानी, ३.५ लिटरची, सहा सिलेंडरची. मीटरवर १,१८,००० किलोमीटर, मागचा बंपर घासलेला, ड्रायव्हर सीटचं लेदर फाटलेलं, किंमत ४,१०,०००. दुसरी २०११ची युरोपीय सेदान, १.८ लिटर, चार सिलेंडर, टर्बो. मीटरवर ६२,०००, रंग आरशासारखा. यार्डवाला मागत होता ४,९०,०००, घासाघीस करून ४,७५,०००ला दिली.

आता त्या माणसाचं बोलणं सविस्तर सांगतो, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं. सहा सिलेंडर म्हणजे प्लग सहा, कॉइल सहा, इंजेक्टर सहा. चारपेक्षा खर्च दीडपट. खरं आहे. आडव्या बसवलेल्या व्ही-६ मध्ये, म्हणजे तीन-तीन सिलेंडरच्या दोन रांगांच्या इंजिनात, मागच्या बाजूचे प्लग बदलायचे तर बऱ्याच गाड्यांत वरचा हवेचा मॅनिफोल्ड काढावा लागतो, मजुरी वाढते. तेही खरं. शहरात ती गाडी सहा-सातच्या वर ॲव्हरेज देणार नाही, हेही खरं. उलट टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरणारी टर्बाइन, ती इंजिनात हवा दाबून भरते, म्हणून लहान इंजिन मोठ्याची ताकद देतं आणि फेरे कमी असतानाच उचल घेतं. "घाटात बघा दादा, गिअर न बदलता चढेल." चढलीही असती, इंजिन धड असतं तर.

जे त्यानं सांगितलं नाही ते असं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तो ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथे धातूला धातू लागू न देणारी फक्त ऑइलची पातळ फिल्म असते. पेट्रोल गाडीत त्याच्या एका बाजूला ९०० अंशांच्या आसपास तापलेला वायू. त्यामुळे ऑइल वेळेवर बदललं नाही, हलकं भरलं किंवा पातळी खाली गेली की टर्बोला ते आधी जाणवतं. साधं, बिनटर्बोचं सहा सिलेंडर इंजिन अशी हयगय बरीच वर्षं पोटात घालतं. जुन्या गाडीत हा फरक फार मोठा आहे, कारण आधीच्या मालकानं काय केलं हे तुम्ही पाहिलेलं नसतं.

आणि मुळात "टर्बो की सहा" हा प्रश्नच त्यानं माझ्यापुढे ठेवलेला होता. हे दोन पक्ष नाहीत. आज बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजची सरळ रांगेतली सहा सिलेंडरची इंजिनं टर्बोचीच असतात. डिकीवरच्या आकड्यांवरही जाऊ नका. बीएमडब्ल्यूची जुनी ३२५आय सहा सिलेंडरची होती आणि तिच्या पुढच्या पिढीतली ३२८आय दोन लिटरची, चार सिलेंडरची टर्बो. आकडा मोठा, सिलेंडर कमी. आरसीवर सिलेंडरची संख्या आणि सीसी दोन्ही लिहिलेले असतात. तेवढं वाचलं तरी नावांचा गोंधळ मिटतो.

मी मात्र घरी येऊन अण्णांशी त्या माणसाच्या शब्दांत वाद घातला. सर्व्हिसिंगचा हिशोब मांडला, ॲव्हरेजचा मांडला. अण्णा म्हणाले, "तुला चालवायचीय, तू ठरव." कोणत्या प्रकारचं इंजिन चांगलं याचा मी दोन आठवडे अभ्यास केला. समोरची ती एक गाडी कशी आहे, हे बघायचंच राहून गेलं.

तीन वेळा गेलो यार्डात. तिन्ही वेळा इंजिन गरम. पहिल्यांदा म्हणाला, आत्ताच एकांना ट्रायल दिली. दुसऱ्यांदा, धुवायला नेली होती. तिसऱ्यांदा तर डिलिव्हरीच होती, दुपारी बारा वाजता बोलावलेली. गरम इंजिन बरंच काही झाकतं, हे मला पहिल्याच सकाळी साताऱ्यात कळलं. रात्रभर उभी असलेली गाडी चालू केली आणि पुढून दोन-तीन सेकंद खडखडाट आला, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. मग शांत. इंजिनातल्या टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तो झिजला की रात्रीत दाब उतरतो आणि दाब परत येईपर्यंत चेन सैल वाजते. अण्णा ओट्यावर उभे होते. त्यांनी ऐकलं, बोलले काही नाहीत.

मी फोन केला. उत्तर आलं, "टर्बोचा आवाज असतोच दादा, सवय होईल."

नऊशे किलोमीटर झाले आणि डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. फोन केला. "टर्बो थोडं ऑइल पितोच." सिग्नलवर थांबून निघताना मागे निळसर धूर. फोन केला. "टर्बो गाडी आहे, हायवेला पळवा, मोकळी होईल." प्रत्येक दोषाला त्याच्याकडे तेच एक उत्तर होतं, आणि मी टर्बो पहिल्यांदाच घेतलेली असल्यामुळे मला ते पटत गेलं. कुठल्याही इंजिनाचा स्वभाव सांगून कुणी दोष झाकत असेल तर त्याला आकडा विचारा. टर्बो थोडं ऑइल खातं म्हणजे हजार किलोमीटरला किती? माझी गाडी सातशे किलोमीटरला लिटरभर खात होती. हा स्वभाव नव्हता, ऑइल अडवणाऱ्या पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या.

पाच महिन्यांत सेन्सर, कॉइल, ऑइल असं करत ३८,००० रुपये गेले. जानेवारी २०२० मध्ये तपासणी उरकून अण्णांना घेऊन पुण्याहून परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ. खंबाटकी घाट चढताना, वरच्या वळणांवर, गाडीनं एकदम उचल सोडली. ॲक्सिलरेटर दाबतोय आणि वेग बैलगाडीचा. आरशात मागचे ट्रक दिसेनात, नुसता निळा धूर. एका बाजूला डोंगर, मागून कंटेनरची रांग, आणि शेजारी पाठीला पट्टा बांधलेले अण्णा. कशीबशी कडेला घेतली. थंडीत दीड तास थांबलो. एका एसटीच्या ड्रायव्हरनं बस थांबवून अण्णांना पुढच्या सीटवर बसवून साताऱ्याला नेलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. गाडी टोचन करून पुण्याच्या गॅरेजला गेली, ६,००० रुपये.

फिटरनं टर्बोचा पाइप काढला तर इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीत, ऑइलचं तळं. आत थोडा ओलसर थर असतो, तो चालतो. ओतलं तर सांडेल एवढं असेल तर टर्बोचं सील गेलं. दांडा बोटानं हलवला तर टर्बोच्या कवचाला घासत होता. चेंबरमधलं ऑइल यार्डवाल्यानं भरलेलं नव्हतं, ते मीच भरलेलं होतं. पण यार्डात आपण गेलो तेव्हा काय असावं, ते फिटरनं ऐकूनच सांगितलं: सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल आणि वर घट्ट करणारं ॲडिटिव्ह. धूर कमी होतो, आवाज दबतो, आठवडा-दोन आठवडे निभावतात. इंजिनासह कामाचा अंदाज ३,१०,०००.

मग त्यानं एक गोष्ट दाखवली. चावी ऑन करायची, गाडी चालू करायची नाही. त्या वेळी डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता. पाच महिन्यांत मला दिवा कधी दिसला नाही म्हणून मी समाधानी होतो. मीटर खोलून दिव्यावर आतून काळी पट्टी चिकटवलेली होती. मीटर खोललेला होता म्हटल्यावर पुढचं ओघानं आलं. चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांच्या नोंदीत शेवटची सर्व्हिस मार्च २०१८ची होती आणि तेव्हाचं रीडिंग १,३१,०००. मला दाखवलेल्या सर्व्हिस रेकॉर्डच्या झेरॉक्स होत्या, मूळ कागद एकही नाही. त्या झेरॉक्स मी प्रेमानं फाइलला लावल्या होत्या.

हे सगळं गाडी घेण्याआधी अर्ध्या दिवसात कळू शकत होतं, आणि तेच मला आता प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागली तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे या. पहिला स्टार्ट स्वतः मारा, रेडिओ बंद, काच खाली, एक माणूस सायलेन्सरपाशी उभा. ऑइलच्या झाकणाच्या आतली बाजू बघा, काळा चिकट गाळ असेल तर आधीच्या मालकानं ऑइलकडे बघितलेलं नाही. हजार-पंधराशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, तो लावा. दोषाचे कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली आहे. चासी नंबरवरून सर्व्हिसची नोंद स्वतः काढून आणा, विकणाऱ्याकडून आलेली घेऊ नका. सहा सिलेंडरची गाडी असली तरी हे सगळं तसंच करायचं. शिवाय टायमिंग बेल्ट आहे की चेन आणि बेल्ट असेल तर कधी बदलला, ते विचारायचं. माझ्यासमोरची ती घासलेल्या बंपरची गाडी चांगली होती की नाही, मला माहीत नाही. तिचंही बॉनेट मी उघडलं नव्हतं.

पैशांचं सांगतो. डिलिव्हरीच्या वेळी माझ्याकडून "गाडी जशी आहे तशी घेतली" अशा कागदावर सही घेतली होती आणि त्या माणसाला वाटत होतं की तेवढ्यानं विषय संपला. पण व्हॉट्सॲपवरची त्याची जाहिरात माझ्याकडे होती, "६२,००० किमी, जेन्युइन" असं स्वतः लिहिलेली, आणि सर्व्हिस सेंटरचं प्रिंट होतं. दोन्ही जोडून वकिलामार्फत नोटीस पाठवली. मग लॉकडाऊन आला, सगळंच थांबलं. वर्षाच्या शेवटी तक्रार दाखल करायची तयारी झाल्यावर तो ९०,००० द्यायला तयार झाला. वकील म्हणत होते लढू. अण्णांची तब्येत आणि माझी नोकरी बघता मी तडजोड केली, आणि अजूनही कधी कधी वाटतं की लढायला हवं होतं. जिल्हा ग्राहक आयोगात दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ही मुदत फोनाफोनीत घालवू नका. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि मूळ मालकानं गाडी डीलरकडे सोपवल्याची नोंद फॉर्म २९-सी वर होते. बयाणा देण्याआधी हे दोन्ही मागा. आमच्या वेळी ही सोय नव्हती. माझ्या नावावर होईपर्यंत गाडी आधीच्या मालकाच्याच नावावर होती आणि यार्डवाला कागदावर कुठेच नव्हता.

गाडी दुरुस्त केली नाही. सुट्या भागांसाठी घेणाऱ्या एकाला १,१०,०००ला दिली. ट्रान्सफर आणि विमा धरून सव्वातीन लाख गेले, त्यातले बहुतेक अण्णांचे. विक्रीचा कागद अण्णांनी स्वतः लिहायला बसवला: खरे किलोमीटर, रिंगा गेलेल्या, टर्बो गेलेला, चेन वाजते, मीटर खोललेला. घेणारा म्हणाला, "काका, एवढं कशाला लिहिताय, मी तर तोडणारच आहे." अण्णांनी कागद त्याच्यापुढे सरकवला, प्रत्येक ओळीखाली त्याची सही घेतली आणि एक प्रत माझ्या हातात दिली.