पावसासाठी घेतलेले जॅकेट आणि दमट हवेची अट: वर्षभराच्या वापरानंतर

सतरा हजार रुपयांच्या जॅकेटबद्दल लिहिताना बोटभर लांबीच्या एका पट्टीपासून सुरुवात करावी लागत आहे, याला माझा नाइलाज आहे. हूडच्या आत, कपाळाच्या बरोबर वर, जिथे दोन शिवणी एकमेकींना मिळतात, तिथली पाणी अडवणारी पारदर्शक पट्टी यंदाच्या जूनमध्ये पहिल्याच जोरदार पावसात सुटली. बाकी जॅकेटला ओरखडासुद्धा नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आमचा पत्रव्यवहार अजून मिटलेला नाही. शिवाय तीन थरांच्या, दोनशे ग्रॅमच्या आतल्या आणि डोंगरातील लांब शर्यतींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक जॅकेटांची रचना सारखीच असल्यामुळे पुढचे बरेचसे त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

मुळात ही खरेदी हौसेची नव्हती. आल्प्समधील मोंब्लांच्या परिसरात ऑगस्टच्या शेवटी यूटीएमबी नावाने डोंगरात धावण्याच्या ज्या शर्यती होतात, त्यांपैकी सीसीसी या शर्यतीत मला सोडतीतून जागा मिळाली होती. इटलीतील कुर्मायर येथून निघून स्वित्झर्लंडमधील शाँपेमार्गे फ्रान्समधील शामोनीला पोहोचणारी ही शर्यत साधारण 100 किलोमीटरची असून तिच्यात सहा हजार मीटरच्या आसपास चढाई आहे. सक्तीच्या सामानाच्या यादीत हूड असलेले, जलरोधक पण घाम बाहेर सोडणारे जॅकेट असते. त्याच्या शिवणी बंद केलेल्या असाव्या लागतात, हूड मूळ रचनेचाच भाग असावा लागतो आणि जलरोधकता किमान 10,000 श्मेरबर असावी, अशी शिफारस असते. म्हणजे प्रयोगशाळेत 10,000 मिलिमीटर, अर्थात दहा मीटर, उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब येईपर्यंत कापडातून पाणी झिरपता कामा नये. माझ्या जॅकेटवर 20,000 छापलेले आहे. हा आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नसतो, हे वाचकांनी आताच लक्षात ठेवावे.

पहिले काही महिने मी या जॅकेटवर मनापासून नाराज होते. सराव अर्थातच सह्याद्रीत, त्यातही पावसाळ्यात, कारण ऑगस्टमधल्या शर्यतीची तयारी जून-जुलैमध्येच करावी लागते. आतकरवाडीतून सिंहगड चढताना अर्ध्या वाटेवरच आतून इतकी भिजायचे की बाहेरचा पाऊस परवडला असे वाटे. पुढे राजगड-तोरण्याच्या धारेवर तर ते काढून व्हेस्टमध्येच (धावताना पाठीवर घालायच्या, सामान ठेवायच्या बंडीत) कोंबले आणि सुखाने भिजत गेले. शंभर-दीडशे रुपयांचा प्लॅस्टिकचा रेनकोट आणि हे यांत किमतीखेरीज फरक तो काय, असे मी तेव्हा आमच्या धावणाऱ्यांच्या गटात लिहिलेही होते.

ते मत ग्रां कोल फेरेवर बदलले. आर्नूवाच्या एड स्टेशननंतर (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यानंतर) सुमारे साडेसातशे मीटर सलग चढून 2,537 मीटर उंचीच्या या खिंडीत पोहोचावे लागते. इटली आणि स्वित्झर्लंड यांची सीमा तिथे आहे. आमच्या वेळी अर्ध्या चढावर पाऊस सुरू झाला, वर जाता जाता त्यात गारा मिसळल्या आणि खिंडीत वारा असा होता की पोल्स (हातातल्या काठ्या) टेकवायचे एकीकडे आणि ते जायचे दुसरीकडे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते, हे शाळेत पाठ केलेले असते. पण कुर्मायरला बाह्या दुमडून निघालेल्या माणसाला खिंडीत बोटांनी चेन ओढता येत नाही, तेव्हा ते खरे कळते. तिथून ला फूली या गावापर्यंतच्या लांब उतारावर मी जॅकेट काढले नाही आणि, ज्याची मी अजिबात अपेक्षा केली नव्हती, आतला लोकरी शर्ट दमट होता पण ओला नव्हता.

जॅकेट तेच, घाम गाळणारी मीच, मग एवढा फरक का पडावा? घामाची वाफ कापडाबाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. जॅकेटच्या आतली हवा तीस अंशांची आणि बाष्पाने भरलेली धरली, तर तिचा बाष्पदाब साधारण 42 मिलिबार होतो. जुलैमध्ये सिंहगडावर 24 अंश आणि 95 टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच 28 मिलिबार असतात. चार अंशांच्या खिंडीत हवा तितकीच ओलसर असली तरी आठही भरत नाहीत. म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारा जोर आल्प्समध्ये दुपटीहून अधिक मिळतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यात कोणतेही महागडे कापड हा हिशेब बदलू शकत नाही, म्हणून केवळ इथल्या पावसासाठी असे जॅकेट घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

आल्प्ससाठी मात्र नक्की देईन. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातील शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, पाऊस आणि वाऱ्याने गाठून 21 धावपटू दगावले. त्या शर्यतीत वारारोधक जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हते. त्यामुळे सामानतपासणीच्या रांगेत ‘एवढ्याशा कपड्यासाठी एवढा छळ’ अशी कुरकुर ऐकली की मला त्या कुरकुरीचा राग येतो, जरी पैसे मोजताना मीही कुरकुरलेच होते.

इतर बाबी थोडक्यात सांगते. नेहमीपेक्षा एक माप मोठे घेतल्याने व्हेस्टवरून जॅकेट घालता येते, आणि अंधारात, वाऱ्यात व्हेस्ट उतरवण्याचा खटाटोप वाचतो. खिसा एकच असून त्यात फोन मावत नाही. मनगटाचे इलास्टिक हातमोज्यांवरून नीट बसते. हूडची पुढची कड पातळ वायरीने ताठ केलेली असल्यामुळे हेडलॅम्पच्या झोतात ती लोंबकळत नाही. शर्यतीत वालोर्सीन या गावानंतर दुसऱ्यांदा पाऊस लागला तेव्हा हूडच्या या कडेचे मी मनोमन कौतुक केले. आणि नेमकी त्याच कडेमागची पट्टी सुटावी!

धुण्याविषयी घरात बराच वाद झाला, म्हणून तेही नोंदवते. पाण्याचे थेंब घरंगळून जावेत यासाठी बाहेरच्या कापडावर जो लेप असतो तो साध्या डिटर्जंटने आणि विशेषतः कपडे मऊ करणाऱ्या द्रवाने निकामी होतो. अशा कपड्यांसाठी मिळणारा वेगळा साबण वापरून, नीट खळबळून, नंतर मंद इस्त्री फिरवली की लेप बऱ्यापैकी पुन्हा काम करू लागतो. अर्थात इस्त्री चालेल की नाही हे आतले लेबल पाहून ठरवावे. आता फ्लोरीनयुक्त लेप हद्दपार होत आहेत. फ्रान्सने 2026 पासून अशा रसायनांच्या कपड्यांवर कायद्याने बंदी घातली आहे. निर्णय योग्यच आहे, पण नव्या लेपांना अंगाचे तेल आणि मळ लवकर बाधतो, त्यामुळे न धुता ठेवण्याची आपली काटकसर इथे महाग पडते.

आता पुन्हा पट्टीकडे. वॉरंटी दोन वर्षांची, म्हणून मी पावती, छायाचित्रे आणि हूड नळाखाली धरल्याचा व्हिडिओ पाठवला. पहिले उत्तर आले, ‘मॅडम, हा नैसर्गिक झिजेचा भाग आहे.’ शर्यत आणि सराव मिळून वर्षभर वापरलेल्या जॅकेटच्या खांद्यांवरच्या पट्ट्या, ज्यांच्यावर व्हेस्टचे पट्टे सतत घासले गेले, त्या शाबूत आहेत आणि कशालाही न घासणारी हूडमधली पट्टी तेवढी झिजली, हे कसे, असे विचारल्यावर दुसरे उत्तर आले: जॅकेट दीर्घकाळ दमट हवेत साठवले गेल्यामुळे गोंदाचे विघटन झाले असून ‘अयोग्य साठवण’ वॉरंटीत बसत नाही.

त्यामागचे रसायनशास्त्र खोटे नाही. पट्टीचा गोंद आणि बऱ्याच जॅकेटांमधला आतला पडदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि उष्णता व ओलावा एकत्र मिळाले की त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात; जुन्या तंबूंचा तळ चिकट होतो तो यामुळेच. पण माझे जॅकेट कोरडे करून, कपाटात, हँगरला टांगलेले होते. पुण्यातल्या कपाटातली हवा जर या वस्तूला मानवत नसेल, तर ती भारतात विकताना ‘केवळ कोरड्या प्रदेशात ठेवण्यासाठी’ असे खोक्यावर छापायला हवे होते. पावसात घालायच्या कपड्याला दमट हवेची बाधा झाली तर दोष ग्राहकाचा, ही अट मला अजूनही पटत नाही, आणि याच एका वाक्यामुळे पाचपैकी चार गुणांचे जॅकेट माझ्या लेखी अडीचवर आले आहे.

शेवटी ट्रेकिंगचे तंबू आणि सॅक दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून इस्त्रीने चिकटणारी नवी पट्टी दीडशे रुपयांत बसवून घेतली. त्यांनी जुना गोंद स्पिरिटने पुसून काढला, पट्टीची टोके गोल कापली आणि लगेच घडी घालू नका असे बजावले. तेव्हापासून मुसळधार पावसातही कपाळावर थेंब आलेला नाही. पुढच्या शर्यतीच्या तपासणीत ही पट्टी चालेल असे वाटते, कारण शिवण बंद आहे आणि हूड मूळचाच आहे. तरी आल्प्सला निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपले जॅकेट उलटे करून हूडमधल्या आणि काखेतल्या पट्ट्यांची टोके नखाने हलकेच तपासावीत, आणि तेही निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर दुरुस्तीला वेळ उरेल अशा बेताने.

कंपनीने दरम्यान ‘सद्भावना म्हणून’ वीस टक्के सवलतीचे कूपन पाठवले आहे. ते फक्त पूर्ण किमतीच्या नव्या जॅकेटवर चालते आणि तीस दिवसांत वापरावे लागते. मी दुरुस्तीच्या दीडशे रुपयांचे बिल त्यांना पाठवले असून त्यावर उत्तर आलेले नाही.