अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम: अडीच वर्षं घेतल्यानंतर

अडीच वर्षं रोज रात्री जेवल्यावर बीपीची ही गोळी घेते आहे. मधले सोळा दिवस तेवढे सोडून. त्या सोळा दिवसांपायीच हा रिव्ह्यू लिहायला बसले आहे.

निवृत्त झाले त्या वर्षी, लावणीच्या सुमारास, माझं बीपी १६८/९८ भरलं. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, तिन्ही वेळा तसंच. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ लिहून दिली. पहिले तीन दिवस आकडा जेमतेम हलला आणि मला वाटलं, ही काही लागू पडत नाही. पण हे औषध शरीरातून फार सावकाश जातं. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे रोज घेऊन त्याची पातळी स्थिरावायला आठवडाभर जातो. दहाव्या दिवशी १४२/८८ आणि महिन्याने १३४/८४. तेव्हा नवीन घेणाऱ्यांनी चौथ्या दिवशी निकाल लावू नये.

मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. गोळी नेमकं करते काय, हे समजल्याशिवाय ती गिळणं मला जमत नाही. माझं माहेर अलिबागकडच्या खारपट्ट्यातलं. तिथे समुद्राच्या बांधाला उघाडी असते. भरतीला तिची झडप मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं, ओहोटीला शेतातलं पाणी ती ढकलून निघून जातं. वडील पावसाळ्यात रात्री-अपरात्री कंदील घेऊन उघाडी बघून यायचे, कारण ती अडकली की भात गेलंच.

बारीक रोहिणींच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीतल्या स्नायूपेशींनाही अशाच उघाड्या असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. पेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कॅल्शियम असतं, म्हणजे बाहेर कायमचीच भरती. फरक इतकाच की ही दारं दाबाने नाही, पेशीच्या पडद्यावरच्या व्होल्टेजने उघडतात. दार उघडलं की कॅल्शियम आत शिरतं, कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, त्यातून पुढे मायोसिन हे स्नायू आखडवणारं प्रथिन कामाला लागतं आणि स्नायू आवळतो. नळी अरुंद होते. त्रिज्या दहा टक्क्यांनीच कमी झाली तरी रक्ताला होणारा अडथळा दीडपट होतो, म्हणून एवढ्याशा दारांना इतकं महत्त्व.

याला निसर्गाने ब्रेकही ठेवला आहे, आणि तो मला सगळ्यात आवडतो. पेशीच्या आतल्या साठ्यातून पडद्याच्या अगदी लगत कॅल्शियमच्या बारीक ठिणग्या उडतात. रोहिणीच्या पेशींत त्या काय करतात हे १९९५ साली दाखवलं गेलं. त्या ठिणगीने पोटॅशियमचं मोठं चॅनेल उघडतं, पोटॅशियम बाहेर पडतं, पडद्याचं व्होल्टेज आणखी ऋण होतं आणि कॅल्शियमची दारं मिटतात. ज्या कॅल्शियमने नळी आवळते, तेच इथे ती सैल करतं! या पोटॅशियम चॅनेलचा एक जोडीदार भाग काढून टाकलेल्या उंदरांचं बीपी वाढतं, हे २००० साली दिसलं. उच्च रक्तदाबात हा ब्रेक ढिला पडू शकतो, मग कॅल्शियमची दारं गरजेपेक्षा जास्त उघडी राहतात. अ‍ॅम्लोडिपिन नेमकी त्या दारांत जाऊन बसते.

मग हृदयाचं काय? तिथेही तीच दारं आहेत. पण हृदयाच्या स्नायूपेशी दोन ठोक्यांच्या मध्ये रोहिणीच्या पेशींपेक्षा बऱ्याच जास्त ऋण व्होल्टेजला असतात, आणि ही गोळी जिथे व्होल्टेज कमी ऋण असतं तिथल्या दारांना अधिक घट्ट धरते. त्यामुळे नेहमीच्या डोसला तिचा भर रोहिण्यांवर पडतो.

आता ते सोळा दिवस. सातव्या महिन्यात संध्याकाळी पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा नेहमी तिसऱ्या भोकात लागायचा, तो पहिल्यातही लागेना. शेजारच्या काकी म्हणाल्या, किडनी गेली असेल. एका दवाखान्यात पाणी उतरायची गोळी दिली. रात्रभर उठबस झाली, सूज तशीच. मी घाबरले आणि कुणाला न विचारता अ‍ॅम्लोडिपिन बंद केली. पहिले तीन-चार दिवस बीपी चांगलंच होतं, म्हणून वाटलं की गरजच नव्हती. ते चांगलं बीपी शरीरात उरलेल्या औषधाचं होतं, हे माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. सोळाव्या दिवशी १६०/९६.

दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी आणि किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, दोन्ही ठीक निघालं. त्यांनी सांगितलं ते मला लगेच पटलं. गोळीने रोहिण्या सैल होतात, रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नीला तेवढ्या होत नाहीत. येणारा पाट रुंद झाला, जाणारा तसाच राहिला. मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी घोट्याभोवती झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतंच, मग पाणी उतरवणारी गोळी काय करणार? त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन २.५ वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली. ती नीलाही सैल करते. तीन आठवड्यांत सूज उतरली. माझ्यापुरतं हे झालं. तुमचे पाय सुजले तर आधी तपासण्या करा, कारण सूज हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते.

खरेदीबद्दल एवढंच. नावापुढे ‘एटी’ असलेली पट्टी बहुधा अ‍ॅटेनोलॉल मिसळलेली असते. ते वेगळं औषध आहे, नाडी मंद करतं. मला एकदा तीच दिली होती, घरी येऊन बारीक अक्षरं वाचली म्हणून कळलं. जनऔषधीतली साधी गोळी मला स्वस्त पडते आणि आकड्यात काही फरक दिसला नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत गोळ्या सोडून डबीत भरून ठेवू नका, पट्टीतच राहू द्या.

आज सकाळी १३२/८२. पट्टा तिसऱ्या भोकात.