बांधाचा दावा आणि ई-कोर्ट्स अॅप

आमचा बांधाचा दावा जुन्नरच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे. समोर चुलत घरच आहे, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पहिली दोन वर्षं दादा, म्हणजे माझे वडील, दर तारखेला सकाळच्या एसटीने जायचे आणि दुपारी परत यायचे. आज काय झालं विचारलं की "तारीख पडली" एवढंच सांगायचे. वकिलांच्या कारकुनाचा फोन लागला तर लागला.

गेल्या वर्षी भाच्याने माझ्या मोबाइलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अॅप टाकून दिलं. फुकट आहे. दाव्याच्या कागदांवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो टाकला की प्रकरण उघडतं. नंबरातच सगळी मांडणी आहे: एमएच म्हणजे महाराष्ट्र, पीयू म्हणजे पुणे जिल्हा, पुढचे दोन आकडे न्यायालयाचे, मग सहा आकडी क्रमांक आणि शेवटी वर्ष. नंबर सापडत नसेल तर पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो तारखांचा इतिहास. कोणत्या तारखेला प्रकरण कशासाठी ठेवलं होतं, ते ओळीने दिसतं. आमचं कितीतरी महिने 'निशाणी ५' वर अडकलं होतं. हा शब्द दोन वर्षं घरात ऐकत होते, अर्थ तेव्हा विचारला. निकाल लागेपर्यंत समोरच्याने बांध कोरू नये म्हणून केलेला तूर्त मनाईचा अर्ज. त्यावर युक्तिवाद बाकी आहे हे दिसल्यावर वकीलसाहेबांना नेमका प्रश्न विचारता आला, आणि त्यांनीही नीट उत्तर दिलं.

कायद्याच्या रकान्यात विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ लिहिलेलं होतं. कायमची मनाई त्यातल्या कलम ३८ खाली मागतात. दावा चालतो मात्र १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने. इंग्रजांचा कायदा अजून कसा, असं दादांनी विचारलं. संविधानाच्या अनुच्छेद ३७२ ने जुने कायदे बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत चालू ठेवले, म्हणून. फौजदारीत तो बदल झालाही: १८६० च्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली.

अॅपमध्ये जिल्हा न्यायालयं आणि उच्च न्यायालयं वेगवेगळी उघडतात, तिथे अपिलाची शिडी कळते. आमच्यासारख्या दाव्याचं पहिलं अपील जिल्हा न्यायाधीशांकडे. दुसरं मुंबई उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. बांध कुणी कोरला हे तिथे सहसा पुन्हा तपासत नाहीत. म्हणून साक्षीपुरावा खालीच पक्का करायला हवा. हे मला सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हवं होतं. मुंबई उच्च न्यायालय १८६२ चं, आणि त्याच्यावरची दाद १९४९ पर्यंत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जायची. आज वर सर्वोच्च न्यायालय आहे, २८ जानेवारी १९५० पासून. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, न्यायालयांची शिडी एकच, ही आपल्या व्यवस्थेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

आता मर्यादा. तहसीलदार आणि प्रांताकडची महसुली प्रकरणं इथे सापडत नाहीत. वहिवाटीचा रस्ता अडवला म्हणून मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अर्ज केला असेल तर तो या अॅपमध्ये शोधू नका, त्याची वाट वेगळी. आमच्या गावात या दोन्हींची कायम गल्लत होते. इथून उतरवलेला आदेश माहितीपुरता. कुठे दाखल करायचा तर नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रतच घ्यावी लागते. शिवाय टप्प्यांची नावं इतकी त्रोटक असतात की पहिल्यांदा कुणाला तरी शेजारी बसवून वाचा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. प्रकरण 'माझे खटले' मध्ये साठवून ठेवा, दर वेळी नंबर टाकावा लागत नाही. आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघा. दादा आता ते स्वतः बघतात, चष्मा लावून, आमचा नंबर कितवा आहे ते मोजत.