दुचाकीचे एबीएस: पुण्याच्या रहदारीतला अनुभव

१२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, हा निर्णय किती योग्य होता ते मला कर्वे रस्त्यावर पटले. नळ स्टॉपजवळ, भर पावसात, कानाला मोबाईल लावलेल्या एका मोटारचालकाने इंडिकेटर न देता गाडी एकदम डावीकडे घातली. मी पुढचा ब्रेक पूर्ण दाबला, लिव्हरमध्ये थरथर जाणवली, पण चाक जाम झाले नाही आणि माझी १५० सीसी दुचाकी त्याच्या दारापासून वीतभर अंतरावर थांबली. तक्रार एकच: माझ्या मॉडेलमध्ये ही यंत्रणा केवळ पुढच्या चाकाला असल्याने मागचे चाक घसरलेच. त्यामुळे परवडत असेल तर दोन्ही चाकांना एबीएस असलेलेच मॉडेल घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.