ॲग्री, एबीएम की आधी हे मग ते? बारावीनंतर फॉर्म भरणाऱ्यांसाठी

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच. यंदा मावसबहिणीचा आला. "दादा, बीएस्सी ॲग्री घेऊ का एबीएम? मला शेतीपण आवडते आणि बिझनेसपण करायचाय." (एबीएम म्हणजे ॲग्रीबिझनेस मॅनेजमेंट.) तासभर बोललो तिच्याशी, आणि तेच आता इथं टाइप करतोय म्हणजे पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवता येईल. मी ॲग्री करून नंतर ॲग्रीबिझनेसमध्ये एमबीए केलं आणि माझा चुलतभाऊ बारावीनंतर थेट एबीएमला गेला, त्यामुळे दोन्ही बाजू घरातच बघितल्यात. आम्ही द्राक्षवाले, नाशिक जिल्ह्यातले, तेव्हा उदाहरणं द्राक्षांची येणार, सांभाळून घ्या.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडे कृषी विद्यापीठं चार, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. यांच्या कॉलेजात बीएस्सी ऑनर्स ॲग्रिकल्चर असतं, ते सगळ्यांना माहितीये. त्याच विद्यापीठांच्या खाली ॲग्रीबिझनेस मॅनेजमेंटची पण पदवी आहे, जुनी लोकं अजून तिला बीबीए ॲग्री म्हणतात, तीच ही एबीएम. दोन्ही चार वर्षांच्या, आठ सेमिस्टरच्या, बारावी सायन्स आणि एमएचटी सीईटीवरच प्रवेश. पण याशिवाय एक तिसरा प्रकार आहे तो म्हणजे खाजगी विद्यापीठांतलं तीन वर्षांचं बीबीए, ज्याच्या पुढे ॲग्रीबिझनेस असं जोडलेलं असतं. ब्रोशर बघून तिन्ही सारखेच वाटतात, सारखे नाहीत. बँकेतल्या ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसरच्या, म्हणजे एएफओच्या भरतीत पात्रता म्हणून चार वर्षांची पदवी मागतात, त्या यादीत ॲग्रिकल्चर पण आहे आणि ॲग्रिकल्चर बिझनेस मॅनेजमेंट पण आहे, तीन वर्षांचं बीबीए तिथं बसत नाही. हे पोरांना तिसऱ्या वर्षाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता शिकवतात काय ते बघू. ॲग्रीत तुम्हाला सगळं थोडं थोडं मिळतं, कृषिविद्या, मृदशास्त्र, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, फळबागा, बियाणं आणि पैदास, अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण. सकाळी प्लॉटवर जायचं, खुरपणी करायची, हर्बेरियमच्या फायली, किडे पकडून इन्सेक्ट बॉक्स भरायचा (परीक्षेच्या आदल्या रात्री सीनियरचा बॉक्स मागून आणणारे पण असतात, मी नावं घेत नाही). शेवटच्या वर्षी रावे असतं, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम, आणि अनुभवाधारित प्रकल्प असतो, त्यात मशरूम, रोपवाटिका, प्रक्रिया असं काहीतरी स्वतः करून विकायचं. एबीएममध्ये शेतीचे विषय आहेतच पण पातळ, त्यांच्या जागी अकाउंट्स, मार्केटिंग, फायनान्स, सप्लाय चेन, सहकार, निर्यात, आणि गावाऐवजी कंपनीत ट्रेनिंग. भावाच्या वह्या मी चाळल्यात, बॅलन्स शीट तो माझ्यापेक्षा दोन वर्षं आधी वाचायला शिकला हे मान्य करावंच लागेल. पण द्राक्षाच्या पानावरचा डाग डाऊनीचा (बुरशीचा रोग) का स्कॉर्चिंगचा (पान करपणं) हे त्याला आजही फोटो पाठवून मला विचारावं लागतं.

आणि इथंच माझं मत सुरू होतं. धंदा नंतर शिकता येतो, पिकाचं शास्त्र नंतर शिकवणारं कुणी भेटत नाही. नोकरीला लागल्यावर मार्केटिंग तुम्हाला एरिया मॅनेजर शिकवेल, उधारी तुम्हाला दुकानदार शिकवेल, जीएसटी सीए शिकवेल. पण तिशीत कुणी तुम्हाला मातीचा सामू आणि अन्नद्रव्यांचा संबंध बसून समजावणार नाही, आणि ते समजत नसलं तर शेतकरी दोन मिनिटांत ओळखतो.

2010 सालचं उदाहरण देतो, आमच्या भागात अजून निघतं ते बोलण्यात. द्राक्षाच्या वेलीची वाढ रोखायला आपल्याकडे क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सीसीसी किंवा लिहोसिन, सर्रास वापरायचे. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षात त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर अडकले. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांवर लक्ष ठेवणारी व्यवस्था 2006 पासून होती, तपासण्या होत होत्या, तरी हे झालं. आता हा प्रश्न शेतीचा का बिझनेसचा? ज्याला वाढरोधक वेलीत किती काळ राहतं हे माहीत होतं त्याला युरोपची अंशमर्यादा माहीत नव्हती, आणि ज्याला करार, भाव, कंटेनर कळत होते त्याला बागेत मागच्या हंगामात काय फवारलंय हे विचारायचं सुचलं नाही. या दोघांच्या मधल्या जागेत उभा राहणारा माणूस लागतो, दोन्ही एकत्र शिकायचं तर त्यासाठी. नुसतं दोन डिग्र्यांची नावं व्हिजिटिंग कार्डावर छापायला नाही.

बरं, मी एकतर्फी लिहितोय असं वाटेल म्हणून दुसरी बाजू. रावेला आम्ही ज्या गावात होतो तिथं मी मोठ्या उत्साहाने डाऊनीवर चार्ट लावून भाषण दिलं, झाल्यावर एक आजोबा म्हणाले, "डाऊनीचं आम्ही बघतो बाळा, व्यापारी माल घेऊन चेक न वटवता पळाला तर काय करायचं ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षांत कुठल्या पेपरात ते आलंच नव्हतं. पुढे एमबीएला जायचं मी त्या दिवशी ठरवलं असं म्हणलं तरी चालेल. कांद्याचं पण तेच, ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठली ती पण किमान निर्यातमूल्य आणि शुल्क लावूनच. उत्पादन वाढवायचं कसं हे शिकलेला पोरगा अशा वर्षी घरच्यांना काय सल्ला देणार? एबीएमवाल्याला निदान साठवण, जोखीम, पर्यायी बाजार या भाषेत विचार करायची सवय असते.

नोकऱ्यांचं बोलू कारण घरच्यांना तेच ऐकायचं असतं. सरकारी बाजूला ॲग्री सरळ पुढे आहे. एमपीएससीची कृषी सेवा, कृषी विभागातली पदं, बियाणे महामंडळ, बँका, सगळीकडे ॲग्रीचं नाव यादीत पहिलं. एबीएम काही जाहिरातींत चालतं, म्हणून एबीएम घेणाऱ्याने आपल्याला ज्या पदात रस आहे त्याची मागची जाहिरात काढून पात्रतेचा परिच्छेद स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, कॉलेजच्या सरांच्या शब्दावर राहू नये. एमएस्सीचं पण तसंच, कीटकशास्त्र नाहीतर उद्यानविद्या पुढे करायची तर पाया ॲग्रीचाच लागतो, एबीएमनंतर साहजिक रस्ता एमबीएचा. म्हणजे ॲग्रीवाला एमबीएला जाऊ शकतो पण एबीएमवाला सहसा मागे फिरून शास्त्रज्ञ होऊ शकत नाही. बारावीला ज्याचं नक्की काही ठरलेलं नाही, आणि कुणाचं ठरलेलं असतं सतराव्या वर्षी, त्याच्यासाठी हा मुद्दा मोठा आहे.

खाजगी कंपन्यांत मात्र चित्र तेवढं सरळ नाही. बियाणं, खतं, औषधं, ठिबक या कंपन्या दोघांनाही घेतात आणि सुरुवातीला दोघांनाही एकच काम देतात. मोटरसायकल, तालुका, डेमो प्लॉट, शेतकरी मेळावे आणि रिकव्हरी, म्हणजे उधारीची वसुली. एक गंमत सांगतो, कॉलेजात प्लेसमेंट म्हणजे नोकरी लागणं, आणि कंपनीत गेल्यावर प्लेसमेंट म्हणजे हंगामाआधी दुकानदाराच्या गोडाऊनला माल टाकणं. पहिली झाली की दुसरी आयुष्यभर करत बसायची असते. मार्च एंडला टार्गेटसाठी माल कोंबायचा आणि जूनमध्ये तो विकला जाईना म्हणून परत घ्यायचा, हे मी दोन वर्षं केलंय, नाव नाही सांगत कंपनीचं. त्या कामात एबीएमवाला हिशोबात तरबेज असतो आणि ॲग्रीवाला बांधावर, आणि खरं सांगायचं तर प्रमोशन पहिल्याला लवकर मिळतं.

मग तिसरा रस्ता, जो मी धरला. आधी ॲग्री, मग ॲग्रीबिझनेसची पदव्युत्तर पदवी. यासाठी चांगल्या जागा आहेत आपल्या देशात. हैदराबादचं मॅनेज, आयआयएम अहमदाबादचा फूड अँड ॲग्रीबिझनेसचा कोर्स, आयआयएम लखनौचा ॲग्रीबिझनेस, आणंदचं इर्मा जे आता त्रिभुवन सहकारी विद्यापीठात गेलंय, जयपूरचं नियाम, आणि आपल्या पुण्यातलं वॅम्निकॉम. यातल्या वरच्या ठिकाणी कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, लागते. आणि इथं ॲग्रीची पोरं मार खातात कारण बारावीनंतर चार वर्षं गणिताला हात लावलेला नसतो, पीसीबीवाल्यांचं, म्हणजे बारावीला गणिताऐवजी बायोलॉजी घेतलेल्यांचं, तर विचारूच नका. मी दुसऱ्या प्रयत्नात निघालो. तोटा काय तर सहा वर्षं जातात आणि दुसऱ्या दोन वर्षांची फी पहिल्या चार वर्षांच्या कितीतरी पट असते, कर्ज काढावं लागतं, म्हणून नुसता हौसेचा एमबीए करू नका, मध्ये एखादं वर्ष नोकरी केली तर अजून चांगलं, वर्गात जे शिकवतात ते कशाबद्दल आहे ते तरी कळतं.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर? कृषी सेवा केंद्र टाकायचं म्हणलं तर खतं-औषधांच्या परवान्याला शेतीची किंवा विज्ञानाची ठराविक पात्रता मागतात, तिथं ॲग्रीची डिग्री थेट कामाला येते, भिंतीवर लावायला सुद्धा. केंद्राची ॲग्रीक्लिनिक-ॲग्रीबिझनेसची योजना 2002 पासून आहे, 45 दिवसांचं मोफत ट्रेनिंग, एकट्याला 20 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज आणि त्यावर 36 टक्के सबसिडी, महिला आणि एससी-एसटीसाठी 44. ती कृषी पदवीधरांसाठीच काढलेली आहे आणि तरी वर्गातल्या निम्म्या पोरांनी नाव ऐकलेलं नसतं. दुसरीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या, म्हणजे एफपीओ. मोहाडीची सह्याद्री फार्म्स सगळे दाखवतात आणि दाखवावीच अशी आहे, विलास शिंदे स्वतः कृषी अभियांत्रिकी शिकलेले, म्हणजे तिथं पण पाया शास्त्राचा आणि वर धंदा बांधलेला. पण बाकीच्या बऱ्याच एफपीओत अवस्था अशी असते की संचालकांना सीईओ हवा असतो आणि पगार क्लार्कचा द्यायचा असतो. 2020 च्या दहा हजार एफपीओंच्या योजनेत सीईओच्या पगाराला सुरुवातीची तीन वर्षं मदत आहे, ती संपली की काय हे विचारून मगच रुजू व्हा. माझा चुलतभाऊ अशाच एका कंपनीत आहे, आणि मला त्याचं काम माझ्यापेक्षा जास्त आवडतं हे त्याला सांगू नका.

हो, त्याच्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. त्याच्यासाठी एबीएम बरोबरच होतं. काकांचं पॅकहाऊस आहे, तो आठवीपासून तिथं पेट्या मोजत होता, पिकाचं ज्ञान घरात होतं आणि हिशोब घरात नव्हता. ज्याच्या घरात आधीच दुकान, पॅकहाऊस, डेअरी, नर्सरी काहीतरी चालू आहे आणि परत तिथंच जायचंय त्याने खुशाल एबीएम घ्यावं. ज्याच्या घरी फक्त शेती आहे किंवा तीही नाही, त्याने ॲग्री.

पैशाचं थोडक्यात. विद्यापीठाच्या स्वतःच्या घटक कॉलेजात फी कमी, विनाअनुदानितमध्ये बरीच जास्त, आणि एबीएमच्या जागा जास्त करून विनाअनुदानितमध्येच आहेत, त्यामुळे तुलना करताना डिग्रीची नको, तुमच्या मार्कांना मिळणाऱ्या कॉलेजची करा. सातबारा असेल तर मेरिटमध्ये जादा गुण मिळतात, कागद आधीच काढून ठेवा, तलाठ्याकडे गर्दी असते. मुलींसाठी 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीत आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही. मेस आणि हॉस्टेल मात्र खिशातून.

बहिणीला शेवटी सांगितलं की ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी दोन-तीन कॉलेजं स्वतः बघून ये, ऑफिसमध्ये बसून ब्रोशर नको घेऊ, मागं कॉलेजच्या शेतावर जा. पीक उभं आहे का, ठिबकच्या नळ्या जागेवर आहेत का, कुणी पोरं काम करताना दिसतात का. एका ठिकाणी मी तिच्यासोबत गेलो होतो तर प्लॉटवर गुडघ्याएवढं काँग्रेस गवत आणि पाटीवर लिहिलेलं, सोयाबीन प्रात्यक्षिक. तिने फोटो काढला आणि ते कॉलेज यादीतून उडवलं.